बिअर शॉपीचा परवाना महापालिकेत मिळत नाही, ताई

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोडच्या आतल्या वस्तीत आमचं किराणा दुकान आहे. अपार्टमेंटच्या तळमजल्यावर दोन गाळे आहेत, एकात किराणा चालतो, दुसरा बारा बाय अठराचा गाळा रिकामा आहे. मोठी मॉल-दुकानं आली, मोबाइलवरून सामान घरपोच यायला लागलं, तसा धंदा निम्म्यावर आला. एक एजंट म्हणतो, रिकाम्या गाळ्यात बिअर शॉपी काढा. नगरसेवकाचं पत्र आणि महापालिकेचा ठराव मी आणतो, महिन्यात परवाना हातात, साडेतीन लाख खर्च. वीस हजार टोकन देऊन बसलोय. हे कळल्यावर वरच्या मजल्यांवरच्या बायका चिडल्या आहेत, सह्या गोळा करून "आडवी बाटली" करू, म्हणजे मतदानानं दुकान बंद पाडू, म्हणतात. कोपऱ्यावर मारुतीचं छोटं देऊळ आहे, पलीकडच्या गल्लीत बालवाडी आहे. निर्णय नक्की कोणाच्या हातात? बायकांच्या सह्यांनी परवाना जाऊ शकतो का? आणि किराणा दुकानात वाईन ठेवता येते असं मध्यंतरी ऐकलं होतं, ते खरं का? आम्ही जीएसटीत कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक एक टक्का भरणाऱ्यांत, आहोत.
– एक दुकानदार भगिनी

ताई,

आधी एक काम करा: एजंटाला आणखी एक रुपयाही देऊ नका. त्यानं सांगितलेल्या रस्त्यात पहिलंच वळण चुकीचं आहे. महाराष्ट्रात दारूचा परवाना महापालिका देत नाही आणि नाकारतही नाही. नगरसेवकाच्या शिफारसपत्राला किंवा इंद्रभुवनातल्या, म्हणजे महापालिकेतल्या, ठरावाला परवान्याची किंमत नाही. परवाना मिळतो तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली. अर्ज जातो राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे. त्यांचा निरीक्षक जागा पाहतो, अंतरं मोजतो, पोलिसांचा अभिप्राय येतो आणि बिअर शॉपीच्या बाबतीत सही होते जिल्हाधिकाऱ्यांची. शासनाची फी ग्रास या सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर चलनानं भरायची असते. रोख रकमेत "सगळं धरून" असा भाव कोणी सांगत असेल, तर त्यातला किती पैसा सरकारजमा होणार हे त्याला चलनाच्या हिशोबात विचारा. उत्तर मिळणार नाही.

महापालिकेचा संबंध येतो तो जागेशी. तो संबंध बारीक वाटतो, पण सोलापुरात अर्ज बहुतेक तिथंच अडकतात. तुमचा गाळा मंजूर नकाशात "दुकान" म्हणून दाखवलाय का, हे आधी पाहा. आपल्याकडे कितीतरी अपार्टमेंटमध्ये नकाशात तळमजला पार्किंग म्हणून मंजूर असतो, नंतर बिल्डर शटर लावून गाळे पाडतो आणि विकतो. किराणा चालू असताना कोणी विचारत नाही. परवान्याच्या अर्जाला नकाशा जोडला, की पार्किंगची जागा उघडी पडते, आणि मग प्रश्न नुसत्या बिअरचा राहत नाही, चालू किराणाही धोक्यात येतो. गुंठेवारीतल्या इमारतींची गत आणखी नाजूक असते; नियमितीकरण झालेलं नसेल तर जोडायला मंजूर नकाशाच नसतो. म्हणून महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागातून मंजूर नकाशाची आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत काढा. मिळकत कराची पावती त्याला पर्याय नाही. कर कोणत्याही बांधकामाला लागतो, कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही.

बिअर शॉपीच्या परवान्याला एफएल बीआर-२ म्हणतात. त्यावर सीलबंद बिअर आणि वाईन विकता येते. व्हिस्की, रम, देशी काही नाही, आणि दुकानात बसून पिणं तर नाहीच. एजंट बोलता बोलता "पुढं वाईन शॉप करून घेऊ" म्हणाला असेल, तर तेही पोकळ आहे. वाईन शॉपचे (एफएल-२) आणि देशी दारू दुकानाचे (सीएल-३) नवे परवाने देणं सत्तरच्या दशकापासूनच बंद आहे. बाजारात जे फिरतात ते जुन्याच परवान्यांचं हस्तांतर आणि स्थलांतर. आणखी एक डाव नेहमीचा आहे: "परवाना दुसऱ्याच्या नावावर, दुकान तुमचं." यात सापडू नका. परवाना दुसऱ्याला चालवायला देणं हा अटींचा भंग आहे, आणि दुकानात विक्रीला उभा राहणारा नोकरसुद्धा नोकरनाम्यावर, म्हणजे विभागाकडे नाव नोंदवलेला, लागतो. धाड पडली तर गाळ्याची मालकीण म्हणून तुमचं नाव कागदावर येतं. कमाईचा मालक मात्र कागदावर कुठंच नसतो.

आता देवळाचं आणि बालवाडीचं. इथं लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो, दुकानदारांचाही आणि विरोध करणाऱ्यांचाही.

नियम असा की शाळा-महाविद्यालय किंवा धार्मिक स्थळापासून ७५ मीटरच्या आत बिअर शॉपी नको. पण प्रत्येक देऊळ नियमातलं देऊळ नसतं. ज्याचा सार्वजनिक न्यास नोंदलेला आहे, म्हणजे धर्मादाय कार्यालयात ज्याला नोंदणी क्रमांक मिळालाय, तेच मोजलं जातं. कोपऱ्यावरचा शेंदरी मारुती चार पिढ्यांपासून असेल, शनिवारी रांग लागत असेल, तरी न्यासाची नोंद नसेल तर मोजपट्टी त्याच्याकडे वळत नाही. तसंच शिक्षणाचं. शासनाची किंवा स्थानिक संस्थेची मान्यता असलेली शाळा धरली जाते, त्यात पूर्वप्राथमिकही येते. खाजगी शिकवणी वर्ग येत नाहीत. तुमच्याकडची बालवाडी कोणाची, तिला मान्यता कोणाची, हे त्यामुळं महत्त्वाचं. देवळाचा न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातून त्याच्या नोंदवहीचा उतारा, म्हणजे लोक ज्याला शेड्यूल वन म्हणतात तो, मागून घ्या. हरकत घेणाऱ्या बायकांनाही हेच सांगा. "देऊळ जवळ आहे" एवढ्या वाक्यावर अर्ज फेटाळला जात नाही, उताऱ्याची प्रत जोडली की त्याच वाक्याला वजन येतं.

मोजायचं कसं, हेही नीट समजून घ्या. अंतर छपरावरून सरळ रेषेत धरत नाहीत. माणूस पायी ज्या जवळच्या वाटेनं जातो, त्या वाटेनं मोजतात: दुकानाच्या दाराच्या मध्यापासून संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, आणि कुंपण नसेल तर तिच्या दारापर्यंत. तीस मीटरची फायबर टेप घ्या, दोघं जण लागा. प्रत्येक टप्प्याला खडूनं खूण करा, वळणावर टेप कोपऱ्याला चिकटवून तिरकी ओढू नका, चालणारा माणूस जसा वळेल तशी न्या. मध्ये दुभाजक असेल तर ओलांडायची वाट जिथं आहे तिथूनच पलीकडे जा. ७०, ७२, ७८ असे आकडे आले तर तुमचा अर्ज वादाच्या पट्ट्यात आहे असं समजा. आज निरीक्षकाचं माप ७६ भरेल, उद्या हरकतदाराच्या मागणीवरून फेरमोजणीत ७४ भरेल. तोवर गाळ्यात फ्रीज, रॅक, रंगकाम मिळून पैसा अडकलेला असतो. शंभराच्या पुढं आकडा असेल तरच निर्धास्त पुढं जा.

महामार्गाचा मुद्दा तुमच्या रोडमुळं कोणीतरी काढणारच. सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशात वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर झालं, आणि ११ जुलै २०१७ ला न्यायालयानं स्पष्ट केलं की महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना ही मनाई लागू नाही. म्हणून हद्द कुठं संपते हे पाहावं लागतं. शेळगी, बाळे, मजरेवाडी १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आले. तिथले जुने लोक अजून ग्रामसभेची भाषा करतात, पण ती आता लागू होत नाही. त्याच अक्कलकोट रोडनं पुढं कुंभारीला गेलात की ग्रामपंचायत सुरू होते, आणि तिथं ग्रामसभेच्या ठरावाला खरं वजन आहे. गाळा एकाच रस्त्यावर, पण चार-पाच किलोमीटरनं कागदपत्रं बदलतात.

सोसायटीचा मुद्दा मात्र तुमच्या बाबतीत सगळ्यावर भारी आहे. मार्च २०२५ मध्ये उत्पादन शुल्क मंत्री म्हणून अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवी बिअर किंवा दारूची दुकानं सोसायटीच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय होणार नाहीत. तुमच्या डोक्यावरच सोसायटी आहे आणि ती चिडलेली आहे. चेअरमनला भेटून लेटरहेडवर सही आणायचा सल्ला एजंट देईल. तसं अजिबात करू नका. ना हरकत द्यायची की नाही हे सर्वसाधारण सभेनं ठरवायचं. विशेष सभा बोलवायची तर पाच पूर्ण दिवसांची नोटीस, विषयपत्रिकेत हा विषय स्पष्ट लिहिलेला, आणि इतिवृत्तात बाजूनं किती, विरोधात किती याची नोंद. एकट्या चेअरमनची सही पुढं एखाद्या सभासदाच्या एका तक्रारीवर उडते, आणि चेअरमनही गोत्यात येतो.

आता आडवी बाटली. यातले आकडे तुम्हालाही हवेत आणि वरच्या बायकांनाही. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशानं गावासोबत शहरातल्या वॉर्डालाही मतदानानं दारूचं दुकान बंद करायचा हक्क मिळाला. वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, किमान २५ टक्क्यांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या मतदार यादीशी ताडून पाहतो. त्या भरल्या की गुप्त मतदान लागतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला ५० टक्क्यांहून जास्त मतं लागतात, आणि ही टक्केवारी मोजतात यादीतल्या एकूण मतदारांवर. मतदानाला किती जणी आल्या, त्यावर नाही.

इथंच कित्येक मोहिमा हरतात. सोलापुरात प्रभाग मोठे आहेत. समजा प्रभागात १२,००० महिला मतदार आहेत, तर निवेदनालाच ३,००० सह्या लागतील आणि दुकान बंद करायला ६,००० च्या वर मतं. मतदानाला ५,५०० बायका आल्या आणि सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूनं धरली जाते. त्यात यादी फुगलेली: लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्याला कामाला गेलेली कुटुंबं, वारलेल्या सासवा, सगळ्यांची नावं यादीत तशीच. सह्यांच्या कागदावर यादीतला अनुक्रमांक आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक नसेल तर पडताळणीत सह्या गळतात. दोन कागदांवर एकीचीच सही आली, नाव "महादेवी" आणि सही "महानंदा" अशी निघाली, की एकेक बाद. विडी वळून आठवड्याची मजुरी आणणाऱ्या बाईला मतदानाच्या दिवशी कामाचा खाडा परवडत नाही, हेही मोहीम चालवणाऱ्यांनी आधी धरून चालावं, आणि तारीख ठरताना सुट्टीचा दिवस मागावा.

पण तुमच्या शेजारणींचा हिशोब इथंच थोडा चुकतोय. आडवी बाटली ही चालू दुकान बंद करायची वाट आहे. तुमचं दुकान अजून झालेलंच नाही. नवा परवाना थांबवायला एवढ्या सह्यांची गरज नाही. जिल्हाधिकारी आणि अधीक्षक, दोघांच्या नावे लेखी हरकत द्यायची, आवक शिक्क्याची प्रत ठेवायची, आणि सोबत सोसायटीचा विरोधाचा ठराव, अंतराचं मोजमाप, न्यासाचा उतारा, शाळेच्या मान्यतेची प्रत, नकाशात गाळ्याऐवजी पार्किंग असेल तर त्याची प्रत जोडायची. अर्ज दाखल झालाय का, कधी, कोणत्या जागेसाठी, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर विचारता येतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मात्र हरकतीसाठी त्या उत्तराची वाट पाहू नये. कागदोपत्री मांडलेली दहा जणींची हरकत घोषणांच्या मोर्चापेक्षा जास्त काम करते. हे मी तुमच्याविरुद्ध शस्त्र म्हणून त्यांच्या हाती देत नाही. ज्या जागेवर अशी हरकत टिकेल, त्या जागेवर तुम्ही पैसा घालू नये, एवढ्यासाठी लिहिलंय. परवान्याच्या वादात अडकलेलं दुकान त्याच बायकांच्या किराण्यावर चालत असतं, आणि त्यांनी साखर-तेलही पलीकडच्या दुकानातून आणायला सुरुवात केली तर राहिलेला निम्मा धंदाही जाईल.

परवाना मिळालाच असं धरलं तरी रोजचं काम कसं असतं ते ऐका. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, फी दरवर्षी, आणि ती लोकसंख्येच्या टप्प्यावर ठरते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांच्या आसपास होतं, त्यामुळं आपल्याला छोट्या गावाची फी लागत नाही. विक्री झाली नाही म्हणून ती परत मिळत नाही. बिअर-वाईन २१ वर्षांखालच्याला विकता येत नाही. बापानं धाडलेला दहावीतला पोरगा दारात आला तर त्याला परत पाठवायची ताकद गल्ल्यावर बसणाऱ्यात हवी, आणि संध्याकाळी गल्ल्यावर बहुतेक तुम्हीच असाल. ड्राय डेला बंद, निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद. शांततेच्या कारणावरून दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२ खाली जिल्हाधिकारी दुकानं बंद ठेवू शकतात, आणि सोलापुरात मिरवणुका काही कमी नाहीत. सगळ्यात जास्त भांडण होतं ते दुकानाबाहेर. बाटली सीलबंद विकली तरी गिऱ्हाईक ती शेजारच्या कट्ट्यावर उघडतो, मग चकण्याची गाडी लागते, आणि तक्रार येते परवानाधारकावर. अटींचा भंग झाला तर कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होतो. बारा बाय अठराच्या गाळ्याला ना वेगळी वाट, ना पार्किंग, आणि वर राहती कुटुंबं. तिथं हे आवरणं जमणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

किराण्यात वाईनचं विचारलंत. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मंजुरी दिली होती, ती बातमी तुम्ही ऐकलीत. तीही १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १,०७६ चौरस फुटांच्या दुकानांसाठी, बंद कपाटातून. विरोध झाला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. तुमचा गाळा २१६ चौरस फूट भरतो, त्यामुळं तो निर्णय लागू झाला असता तरी तुम्ही त्यात बसला नसता. आज किराण्याच्या फळीवर एक बाटली विकायला ठेवली तर कलम ६५ खाली गुन्हा होतो, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

कंपोझिशनचं तुम्ही शेवटी सहज लिहिलंत, पण पैशाच्या बाजूनं तो सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. पिण्याच्या दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. आणि जीएसटी कायद्याच्या कलम १० नुसार, जो व्यापारी जीएसटी न लागणारा असा माल विकतो त्याला कंपोझिशन घेता येत नाही. परवाना तुमच्याच पॅनवर निघाला, तर बिअर विकायला लागल्या दिवसापासून किराण्याचं कंपोझिशन जातं. मग एक टक्का भरून मोकळं होणं संपलं. प्रत्येक मालाला त्याचा दर लावून बिलं, महिन्याची किंवा तिमाही विवरणपत्रं, खरेदीच्या बिलांचा मेळ. कोणी विचार न करता परवाना घेतला आणि वर्षाअखेरीस मागच्या तारखेपासून फरकाची नोटीस आली, असं होतं ते याच कारणानं. घरातल्या कोणी हा धंदा करायचाच असेल तर परवाना, बँक खातं, भाडेकरार सगळं खरोखर वेगळ्या व्यक्तीच्या पॅनवर हवं. नावापुरतं वेगळं नको.

रिकाम्या गाळ्याचं काय करायचं हा खरा प्रश्न उरतोच. गिरणी, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं पॅकिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज, किंवा सरळ भाड्यानं देणं, यातलं काय चालेल ते तुमच्या गल्लीचं गिऱ्हाईक पाहून ठरवा. गिरणी घातलीत तर मीटरचा लोड आणि वरच्या मजल्याला जाणारा हादरा आधी तपासा, नाहीतर याच सोसायटीशी दुसरं भांडण.

राहिले वीस हजार. मोबाइलवरून दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि बँकेचा उतारा काढून ठेवा. रोख दिले असतील तर एजंटाशी झालेले मेसेज पुसू नका, आणि "टोकनचे वीस हजार परत कधी देणार" असा साधा मेसेज पाठवा. त्याच्या उत्तरात पैसे घेतल्याची कबुली येते. मग स्पीड पोस्टानं पंधरा दिवसांची लेखी मागणी पाठवा, आणि नाही दिले तर फसवणुकीची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जा. मात्र ते पैसे "साहेबांना द्यायचे" म्हणून मागितले असतील तर गोष्ट वेगळी आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; नाइलाजानं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला सूट आहे. सात दिवस अजून झाले नसतील तर आजच १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा. होऊन गेले असतील तर मागणीपत्र पाठवायच्या आधी वकिलाला दाखवा, त्यात काय लिहायचं आणि काय नाही हे त्यानंच ठरवलेलं बरं.